तक्रारी : नाहीत

ओव्हिड मिशोने टाकीची तोटी उघडली आणि सकाळचं सगळं दूध रबरी नळीतून शेणाच्या खड्ड्यात सोडून दिलं. जाड पांढरी धार काळ्या शेणावर पडत राहिली. तो तिकडे पाहत नव्हता. टाकी रिकामी झाल्याचा आवाज येईपर्यंत तोटीवर हात ठेवून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गोठ्याच्या दारात नोरीन टिअर्नी आणि एव्हरेट पिंकहॅम उभे होते. एव्हरेट राज्याच्या पर्यावरण खात्यातला. या भागातल्या शेतांवर मैल्याचा गाळ टाकायचे परवाने गेली पंचवीस वर्षं त्याच्याच टेबलावरून निघत होते. आणि राज्याचं खातं हे काम नीट करतं की नाही, ते पाहायला केंद्र सरकारच्या प्रादेशिक कार्यालयातून दर दोन-तीन वर्षांनी नोरीन येत असे. येत्या मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती.

"रोज असं ओतता?" तिने विचारलं.

"दोनदा. सकाळ-संध्याकाळ."

"एप्रिलपासून?"

"मग काय करू, बाई? डेअरीनं दूध घेणं बंद केलं, पण गाईंना कोण सांगणार? कासेला सांगू का, की तुझा परवाना रद्द झालाय म्हणून?"

एव्हरेट हसला आणि लगेच गप्प झाला.

शहराच्या सांडपाणी केंद्रातून निघणारा गाळ ओव्हिडच्या वरच्या कुरणात दहा-अकरा वर्षं पडत होता. फुकटचं खत, तेही सरकारी शिक्क्याचं. गवत असं माजलं होतं की शेजारचे लोक गाडी थांबवून पाहायचे. त्या गाळात कारखान्यांकडून आलेलं, मातीत कधीच न विरणारं एक रसायन होतं, हे तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. फॉर्मवर त्याचा रकानाच नव्हता. ते गवतात गेलं, गवतातून गाईत, गाईतून दुधात. एप्रिलमध्ये दुधाची तपासणी झाली आणि डेअरीचा टँकर यायचा बंद झाला. आज दहा वाजता दुसरी गाडी येणार होती, गाई न्यायला. सेहेचाळीस गाई. त्यांचं मांसही कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

"मी वरच्या कुरणातले मातीचे नमुने घेऊन येतो," एव्हरेट म्हणाला. जाताना त्याने नोरीनकडे एकदा पाहिलं. तिच्या हातातल्या पिवळ्या पाकिटाकडेही पाहिलं.

त्या पाकिटातल्या कागदावरून काल दुपारी दोघांची बोलाचाली झाली होती. खात्याच्या दप्तरखान्यात नोरीन एकेक फाइल काढून तपासत होती. मिशोच्या फाइलमध्ये परवाना, नकाशा, मातीचे अहवाल, सगळं क्रमाने लावलेलं होतं. तळाशी निळ्या शाईतलं एक पत्र होतं, पाकिटासकट टाचलेलं. वर 'मिळाले' असा शिक्का, तारीख ऑक्टोबर २००४ ची. आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण व दोन अक्षरं : एन. टी.

तिने २००५ च्या आपल्याच तपासणीचा कागद शोधून काढला. 'प्रलंबित तक्रारी' या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलं होतं : नाहीत.

"याला उत्तर गेलं होतं का?" तिने एव्हरेटला विचारलं.

एव्हरेटने पत्र हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला. "परवान्याच्या अटी पाळल्या जात असतील तर उत्तर द्यायची पद्धत नव्हती. तुला माहीत आहे. तुमच्याच कार्यालयानं ते मान्य केलं होतं."

"तू वाचलं होतंस?"

"वर्षाला दोनशे पत्रं यायची, नोरीन. शंभर वासाची, पन्नास माश्यांची."

"मी अहवालात लिहिणार आहे. तपासणी मी केली होती, आणि पत्र वाचलं नव्हतं, असं."

"लिही. पण त्या माणसाला दाखवू नकोस. त्याची बायको गेली आहे. चार वर्षं झाली. मूत्रपिंडाचं काहीतरी." एव्हरेट खुर्चीत बसला. त्याचा आवाज उतरला. "डॉक्टरांनी या गाळामुळे म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. आता म्हाताऱ्याला आणखी काय द्यायचं राहिलंय आपलं?"

नोरीन पत्राची नक्कल काढायला उठली होती.

आता ओव्हिड नळी गुंडाळत होता. नोरीनने पाकिटातला कागद पुढे केला.

"मिस्टर मिशो, हे तुमच्या फाइलमध्ये सापडलं. तुमच्या पत्नीचं आहे."

त्याने हात पँटला पुसले, कागद घेतला, लांब धरला, जवळ आणला. मग परत दिला.

"चष्मा घरात राहिलाय. तुम्हीच वाचा."

"आपण घरात जाऊ या का?"

"नको. इथंच वाचा. यांनाही कळू दे." त्याने दावणीकडे मान हलवली. "यांच्या आज्या-पणज्यांना ओळखायची ती."

नोरीनने कागद उजेडाकडे धरला. काल तिने हे पत्र चार वेळा वाचलं होतं, पण मनातल्या मनात.

"'साहेब, आमच्या वरच्या कुरणात तुमच्या परवानगीनं तीन वर्षं गाळ पडतो आहे. यंदा ओढ्याला फेस येतो. साबण घातल्यासारखा. काठीनं ढवळलं तरी जात नाही. आमच्या दोन कालवडी गाभडल्या. त्यामुळेच झालं असं माझं म्हणणं नाही, मला त्यातलं कळत नाही. माझ्या नवऱ्याला या पत्राची कल्पना नाही. तो म्हणतो, सरकारच्या माणसांनी सगळं तपासलेलं असतं. तो चांगला शेतकरी आहे आणि त्याला कुणी बोल लावलेला मला खपणार नाही. फक्त एकदा कुणीतरी येऊन ओढा पाहून जावं. मंगळवार सोडून कधीही या. मंगळवारी मी चर्चमध्ये असते. ल्युसिल मिशो.'"

एक गाय वैरणीत तोंड घालून फुरफुरली. ओव्हिड नळीचं वेटोळं खांद्यावर घेऊन तसाच उभा होता.

"खाली आणखी काहीतरी आहे," तो म्हणाला. "लाल दिसतंय."

"ती तपासल्याची खूण आहे." नोरीनने कागद खाली केला. "खूण माझी आहे. पुढच्या वर्षी मी फाइल तपासली तेव्हाची."

"तेव्हा वाचलंत?"

"नाही. कागद जागच्या जागी आहेत का, तेवढं पाहिलं. शिक्का होता. म्हणून खूण केली."

तिला वाटलं, तो आता ओरडेल. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याने वेटोळं खुंटीला नीट अडकवलं, पालथ्या बादलीवर बसला आणि गुडघे चोळू लागला.

"तिनं लिहिलंय ना, नवऱ्याला कल्पना नाही म्हणून."

"हो."

"मला ठाऊक होतं."

नोरीनने कागदावरून नजर उचलली.

"पिठाच्या डब्याखाली होतं. पाकीट चिकटवलेलं, तिकीट लावलेलं, वर खात्याचं नाव. आठवडाभर तिथंच. मी रोज डबा उचलून पाहायचो. पोस्टात टाकायची तिची हिंमत होत नव्हती. मला वाईट वाटेल म्हणून." त्याने गोठ्याच्या जमिनीवर बुटाने रेघ ओढली. "मीही काही बोलू शकत नव्हतो. गाळ मीच आणवला होता. सगळ्या गावाला सांगितलं होतं, घ्या, फुकट आहे. मग एक दिवस ती बहिणीकडे गेली, तेव्हा मी नेऊन पोस्टाच्या पेटीत टाकलं."

"त्यांना कळलं?"

"डब्याखाली नाही म्हटल्यावर कळणारच. त्या दिवशी जेवताना तिनं मला दोनदा बटाटे वाढले. बोलली एक अक्षर नाही. मीही नाही. नंतर पोस्टाची गाडी यायच्या वेळेला ती रोज फाटकाशी जायची. थंडी पडली तरी जायची. नाताळनंतर जायची बंद झाली."

बाहेर रस्त्याला मोठी गाडी वळल्याचा आवाज आला. गाडी मागे घेताना वाजतो तसा टी-टी आवाज अंगणापर्यंत येत राहिला. एव्हरेट उतारावरून खाली येत होता, नमुन्यांच्या बाटल्या छातीशी धरून.

"उत्तर आलं नाही," ओव्हिड म्हणाला. "मग मी म्हटलं, हिनं पत्ता चुकवला असणार. तिचा एक आणि सात सारखाच दिसायचा. पोस्टमन कायम बोलायचा तिला. पत्र मिळालं असतं तर कुणीतरी आलं असतं ना? इतकी वर्षं मी तेच धरून चाललो. ती दवाखान्यात होती तेव्हासुद्धा. कुठंतरी भलत्याच्याच दारात पडलं असणार, म्हणायचो मनात. बाईचं अक्षरच तसलं."

गाडीवाल्याने हॉर्न दिला. गाई एकदम माना वर करून पाहू लागल्या.

ओव्हिड उठला. पहिल्या गाईपाशी जाऊन त्याने तिच्या गळ्यातली साखळी हाताने चाचपली, पण सोडली नाही.

"त्या पाकिटाचीही नक्कल आहे का तुमच्याकडे?"

"आहे."

"बघा जरा. पत्ता बरोबर होता का?"

नोरीनने दुसरा कागद काढला. निळ्या शाईत रस्त्याचं नाव होतं, इमारतीचा क्रमांक होता, शहर होतं. एक आणि सात सारखेच दिसत होते, पण वाचता येत होते.

"हो," ती म्हणाली. "अगदी बरोबर होता."

ओव्हिडने मान हलवली. मग त्याने साखळी सोडली.