घुम्याची साक्ष

कारखान्यात सगळे त्याला घुम्या म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते. चार माणसं समोर आली की हा मिठाची गुळणी धरून बसायचा. पण पुठ्ठा कापायच्या यंत्राची संरक्षक जाळी मुकादमाने स्वतः काढायला लावली, हे त्याने कानांनी ऐकलं होतं. त्या यंत्राने त्याच्या दादाचा जीव घेतला. आता मालक म्हणत होते, जाळी दादानेच काढली. मेलेल्याच्या माथी खापर फोडणं सोपं असतं, तो उलटून बोलत नाही.

दादाची बायको शाळेत मुलांना वक्तृत्व शिकवायची. तिने डोळे पुसले आणि दिराला आरशासमोर उभं केलं.

"भावजी, मान वर. आणि ते 'म्हणजे, म्हणजे' आधी बंद करा."

"मला नाही जमायचं, वहिनी."

"अडखळलात तर खोटं बोलतोय म्हणतील. ह्यांच्यावरचा डाग मग कोण पुसणार?"

तो रोज कामावरून आला की उभा राहायचा. आधी घाम फुटायचा, मग हळूहळू जीभ वळली. कुठे थांबायचं, मुकादमाचं वाक्य आलं की आवाज कुठे खाली आणायचा, सगळं वहिनीने घोटून घेतलं. बिचारीला दुसरं येत काय होतं?

अपघाताच्या चौकशीच्या दिवशी तो असा बोलला की मुकादमाचा चेहरा उतरला.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. "छान बोलता. जाळीचं पुन्हा एकदा सांगा."

त्याने सांगितलं. तेच शब्द, त्याच जागी श्वास, त्याच जागी आवाज खाली.

"कोणी शिकवलं हे?"

खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. "वहिनीने. दादाच्या बायकोने."

साहेब कारकुनाकडे वळले. "लिहा, साक्षीदार पढवलेला आहे. साक्ष विश्वासार्ह नाही."

"नाही साहेब, म्हणजे, मी तिथंच, मुकादम म्हणाला, म्हणजे जाळी..."

"झालं तुमचं. पुढचा कोण?"

बाहेर वहिनी बाकावरून उठली. "काय म्हणाले साहेब?"

त्याने दोनदा तोंड उघडलं.

"छान बोलता, म्हणाले."

वहिनी पुन्हा बाकावर बसली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा समाधानाने रडली.