बाहेरचं पाणी

राकेशने बटण दाबलं आणि त्याच क्षणी त्याचे पाय तळापासून सुटले. पाठीवर सिलिंडर असताना पाण्याखाली श्वास कधीच धरून ठेवायचा नाही, हे मालवणच्या डायव्हिंग प्रशिक्षकाने हजारदा बजावलं होतं. पण हातात कॅमेरा आला की तो नेमकं तेच करायचा. फुग्यासारखा तो वर निघाला. समोर पांढऱ्या साडीत दर्शना होती, आणि फोटोत आलं ते तिचं अर्धं कपाळ आणि त्याच्या तोंडून सुटलेले बुडबुडे.

शीळफाट्याजवळच्या त्या रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावावर भर दुपारी दुसरं कुणी नव्हतं. राकेश डोंबिवलीत लग्नांचे फोटो काढायचा. डायव्हिंग तो नुकताच शिकला होता, आणि पाण्याखालचं हे त्याचं पहिलंच काम. दर्शना-रत्नदीपच्या लग्नाचे फोटोही त्यानेच काढलेले. म्हणूनच कल्याणहून दर्शनाने आपणहून फोन केला होता.

"सातवा चालू आहे, राकेशदादा. लग्नातली पांढरी साडीच नेसणारे. डॉक्टरांना विचारलंय मी."

सातव्याच्या मानाने पोट लहान दिसत होतं. पण ते बोलायचं त्याला सुचलं नाही.

दर्शना दम घ्यायला पायरीवर बसली. रत्नदीप काठावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत होता, तलावाकडे अर्धी पाठ करून. फोन हातात होता, पण त्याचा पडदा कधीचा काळा झाला होता. राकेशने तिला एकेक फोटो दाखवला. एकात फ्लॅशच्या उजेडाने पाण्यातला कचरा धुळीसारखा चमकला होता. एकात नुसताच पदर. एकात चेहरा होता, पण धुकट.

"सॉरी ताई. माझाच हात बसलेला नाहीये अजून. आपण पुढच्या आठवड्यात परत करू. तोवर मी रोज प्रॅक्टिस करतो."

"पुढच्या आठवड्यात नाही जमणार," ती म्हणाली. "सोमवारी ॲडमिट व्हायचंय."

"सातव्यातच?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. मग ती बोलली, दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट वाचून दाखवावा तशा आवाजात.

"बाळाच्या किडन्या तयारच नाही झाल्या. तीन ठिकाणी दाखवलं, सगळे तेच म्हणाले. जन्मलं तरी... थोडाच वेळ." तिने ओली साडी गुडघ्यांवरून नीट केली. "पोटात त्याला पाणीच नाहीये, दादा. सोनोग्राफीत दिसतं ना, अगदी आवळून बसलंय बिचारं. म्हटलं, बाहेरून तरी..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे कळल्यापासून ह्यांनी पोटाला हात लावलेला नाही."

राकेश कॅमेऱ्याभोवतीच्या पाणीबंद पेटीची काच पुसू लागला. काच स्वच्छच होती. त्याने पेटी उघडून बॅटरी बदलली, झाकण लावलं, कडी दाबली. झाकणाचं रबर न तपासताच तो पाण्यात उतरला.

या वेळी तो तळाशी गुडघ्यांवर बसला आणि श्वास सोडत राहिला. शरीर जड झालं, स्थिर झालं. जवळ जा, अजून जवळ जा, प्रशिक्षक म्हणायचा. तो सरकत हातभर अंतरावर आला. दर्शना खाली आली, डोळे मिटून पाण्यात अंग सोडून दिल्यासारखी. पांढरी साडी दोन्ही बाजूंना उलगडली. वरचं ऊन तिच्या पोटावरून सरकत होतं. आणि ओल्या कापडाखाली, डाव्या बाजूला, काहीतरी वर आलं. इवलंसं. थांबलं. पुन्हा आत गेलं.

त्याने बटण दाबलं होतं. पण कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला होता. काचेच्या आतल्या बाजूला पाणी हिंदकळत होतं.

"हा आला ना?" वर येताच दर्शनाने विचारलं. तिला धाप लागली होती. "आत्ता हललं ते! हा आला ना, दादा?"

राकेशने पेटी उलटी धरली. पाण्याची धार लागली. झाकणाच्या रबरात तिच्याच साडीचा एक दोरा अडकला होता, केसाएवढा.

"नाही," तो म्हणाला.

ती रडली नाही. मान हलवली, काठावर डोकं टेकवलं आणि वर बघत राहिली. "राहू दे," ती म्हणाली. "राहू दे आता."

खुर्ची फरशीवर घासली. रत्नदीप काठाशी येऊन उभा होता.

"काय दिसलं?"

"दोरा अडकला रे रबरात. बॅटरी बदलताना माझ्याच..."

"ते नाही." रत्नदीपने पाण्याकडे बोट केलं. "खाली. तुला काय दिसलं?"

राकेश शब्द शोधू लागला. इतक्या वर्षांत जे दिसलं ते त्याने फोटो करून नुसतं हातात दिलं होतं. सांगावं कधी लागलंच नव्हतं.

"डाव्या बाजूला," तो म्हणाला. "बरगडीच्या खाली. टाच असेल, नाहीतर कोपर. हळूच वर आलं. जरा थांबलं, असं... कुणी दाराशी उभं राहावं तसं. मग गेलं आत."

त्याने बाजूचा टॉवेल उचलला आणि त्याच्याखालून अंगठा वर केला. "एवढं."

रत्नदीप त्या टॉवेलकडे बघत राहिला. मग त्याने बूट काढले, घड्याळ काढून बुटात ठेवलं आणि पँट-शर्टासकट पायऱ्या उतरू लागला. त्याला पोहता येत नव्हतं. दोन्ही हातांनी त्याने लोखंडी दांडा धरला होता. पाणी छातीशी आलं तसा तो थांबला. दर्शना त्याच्याजवळ सरकली, दांड्यावरचा त्याचा एक हात सोडवून घेतला आणि पाण्याखाली नेला. त्याने तो ओढून घेतला नाही.

तिने तो डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली धरून ठेवला.

"राकेश," मागे न बघता रत्नदीपने विचारलं, "श्वास कसा धरायचा?"

"भरून घे. घाई नको करू. आणि डोळे उघडे ठेव, थोडे चुरचुरतील."

त्याने श्वास भरून घेतला. दर्शनाने त्याचा दुसरा हातही दांड्यावरून सोडवला. पाणी दोघांच्या डोक्यांवरून मिटलं.