झेंडा खाली आला तेव्हा

गावात हिवाळी खेळ भरले होते त्याला एक पिढी उलटली, पण गावाची फुशारकी काही उतरली नव्हती. न्हाव्याच्या दुकानात अजून त्याच पंधरवड्याचे फोटो. मधल्या काळात खेळांनी जगभरची शहरं पालथी घातली आणि आता फिरून ते इथंच आले होते. फरक एवढाच, की तेव्हा स्कीवरून उडी मारायच्या टेकडीवर मुलींना उभंही करत नव्हते, आणि आज वर, जिथून घसरायला सुरुवात करतात त्या दांडीवर, प्रशिक्षकाची धाकटी लेक बसली होती.

प्रशिक्षकानं स्वतः कोवळ्या वयात त्याच खेळांत इथूनच उडी मारली होती. बाजूनं वारा आला आणि गडी हवेतच उलटा झाला. मोडलेला पाय जुळला, पण वाकडाच. पुढं दुसऱ्या शहरांतून त्यानं लेकीला बिनधास्त उडवलं. इथं मात्र सकाळपासून त्याला भीती वाटत होती. बायकोला "भूक नाही" म्हणून त्यानं ताट सरकवलं.

प्रशिक्षकाचं काम दिसायला सोपं. उताराशेजारच्या मचाणावर उभं राहायचं, झेंडा उंच धरायचा, खाली उताराच्या कडेनं बांधलेल्या फितींवरून वारा ओळखायचा आणि तो समोरून आला की झेंडा खाली आणायचा. वर बसलेल्याला वारा कळत नाही, त्यानं झेंड्यावर विसंबायचं. हिरवा दिवा असेतो निघालं नाही तर पाळी गेली. आज पात्रता फेरी होती; पाळी गेली, तर मुख्य स्पर्धाही गेली.

हिरवा दिवा लागला. प्रशिक्षकानं झेंडा उंच धरला, पण खाली आणेना.

"अहो, सोडा की पोरीला!" शेजारच्या संघाचा प्रशिक्षक ओरडला.

वर ती एवढीशी दिसत होती. "सांभाळ गं बाई," असं पुटपुटत त्यानं जिवाचा धडा करून झेंडा खाली आणला.

ती हललीच नाही. दिवा लाल झाला.

स्की खांद्यावर टाकून ती जिन्यानं चालत खाली यायला लागली. खोटं कशाला बोला, त्याला आधी हायसं वाटलं, अगदी रडू फुटेल इतकं. मग शरमेनं मान वर होईना.

"घाबरलीस का?" ती जवळ आल्यावर त्यानं विचारलं.

"मी? बाबा, वारा कसा होता?"

वारा कसा होता, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"वरून मला नेहमी तुमच्या टोपीची मागची बाजू दिसते," ती म्हणाली. "आज तोंड दिसलं. तुम्ही फितींकडे नाही, माझ्याकडे बघत होतात."

"चुकलो गं."

तिनं हातमोज्यानं डोळे पुसले. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली होती.

"पुढच्या शहरात झेंडा संघातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. तुम्ही खाली आईजवळ उभे राहा. तिथं घाबरा हवं तेवढं."