निर्वातातला दुसरा बार

सुनेनं बजावलं होतं, "मामंजी, पिस्तुलाला तेलाचा थेंबही नको. प्रयोगाच्या टाकीतली हवा काढली की तेल उडून जातं, उरलेलं चिकट होऊन बसतं."

म्हाताऱ्याला हे कुठलं पटायला! उभा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेलेला. "बंदूक म्हणजे काय पथ्याची भाजी आहे, बिनतेलाची करायला?" असं म्हणाला आणि तिची पाठ वळताच गोळीवर आपटणाऱ्या घोड्याच्या सांध्यात थेंब सोडलाच. हात शिवशिवत होते ना!

आता पिस्तूल पोलादी टाकीत, रबराच्या गाद्यांवर आवळून बसवलेलं होतं. नळीसमोर वाळूची पेटी. पंपानं हवा ओढून घेतल्यावर सुनेनं बाहेरून चापाची तार खेचली. आवाज म्हणाल तर नावाला नाही! पण दाबाचा काटा टुणकन वर उडाला.

"गेली गोळी," सून म्हणाली. "दारूत तिच्यापुरता प्राणवायू असतो. हवा नाही म्हणून बार तेवढा ऐकू येत नाही."

तिनं पुन्हा तार खेचली. काटा ढिम्म हलला नाही.

"दुसरी फुसकी निघाली वाटतं." थोडा वेळ थांबून तिनं हवेची चावी उघडली. सूं सूं करत हवा आत शिरू लागली. पेटी काढल्याशिवाय पिस्तुलाला हात पोचत नव्हता, आणि पेटी काढायची म्हणजे नळीपुढेच गुडघे टेकायचे.

म्हाताऱ्यानं टाकीच्या काचेतून पाहिलं. घोडा अर्ध्यावरच चिकटला होता. गोळी फुसकी कसली! घोडा तिच्यावर पडलाच नव्हता. नुसता धक्का लागायचा अवकाश होता.

बोलावं तर जन्मभराची अब्रू जाणार, तीही सुनेसमोर. आपोआप काही होईल, ती स्वतःच बघेल, असं मनाशी घोकत तो गप्प उभा राहिला. तिनं टाकीचं दार उघडलं. एक पाय आत टाकलासुद्धा.

"पोरी, मागं फिर! मी तेल घातलंय!"

तिनं मागं उडी मारली आणि दार धाडकन लोटलं. त्या हादऱ्यासरशी आत बार झाला. या वेळी हवा होती. दोघांचे कान बधिर झाले.

ती भिंतीला टेकली. "देवासारखे ओरडलात, मामंजी," ती म्हणाली आणि रडत त्याच्या पाया पडायला वाकली.

"नको गं, पोरी," म्हातारा मागं सरकला. "हवा भरत होती तेव्हाच दिसलं होतं मला."