जयंतकडचं पाचिंको

२००५च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये जयंतने कार बूट सेलमधून, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारातून, पाचिंको उचललं, ही बातमी मिल्टन कीन्सहून पिनरला पोचली आणि रघुवीरचा चहा कडू झाला. उभ्या काचेआड खिळ्यांच्या गर्दीतून पोलादी गोळ्या घरंगळतात, तो हा जपानी खेळ. मित्रमंडळात तो आजवर एकट्या रघुवीरकडे होता. तोही जुना, अस्सल, विजेशिवाय चालणारा.

रविवारी तो बायकोला, मनीषाला, घेऊन तडक जयंतकडे गेला. मंडळी आधीच जमली होती.

"ये, तज्ज्ञ! जुनं आहे की नवं, तूच सांग," जयंत म्हणाला.

रघुवीरने पाहिलं. नव्या यंत्राला गोल मूठ असते, ती धरून ठेवली की गोळ्या आपोआप सुटतात. इथे एकेक गोळी उडवायचा खटका होता. नव्याच्या मधोमध स्क्रीन असतो. इथे नुसती पितळी खिळ्यांची नक्षी. मागे सर्किटचा मागमूस नाही, सगळे पन्हळ आणि तरफा. त्याच्या यंत्राहून दहा वर्षांनी तरी जुनं!

एक वायर मात्र लोंबत होती, दोन दिव्यांपुरती.

"वायर आहे रे," तो हळहळून म्हणाला. "इलेक्ट्रॉनिक. नव्वदनंतरचा माल."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" जयंतची बायको शिल्पा लगेच म्हणाली. "उद्याच टिपवर टाक. यानं गॅरेज अडवलंय, माझी गाडी बाहेर भिजतेय."

टिप म्हणजे कौन्सिलचा उकिरडा.

"मी टाकतो की," रघुवीर म्हणाला. "वाटेवरच आहे."

घरी आल्यावर त्याने ते आपल्या यंत्राशेजारी उभं केलं.

"अहो, टाकायचं होतं ना?" मनीषाने विचारलं.

"रविवारी टिप लवकर बंद होते."

तेवढ्यात जयंतचा फोन आला. "टाकलंस?"

"टाकलं."

मागे मनीषाने सहज जयंतच्या यंत्राचा खटका ओढून सोडला. गोळी नेमकी खोबणीत पडली. ठण्ण! घंटा वाजली आणि ताटलीत गोळ्यांचा सडा पडला.

"कसला आवाज रे?"

"आमचंच यंत्र."

"तुझी घंटा तर बंद आहे ना? मार्चपासून रडतोयस."

"दुरुस्त केली."

"वा! मग आत्ताच निघतो. बघू तरी, अस्सल जुनं कसं दिसतं ते."