अकरा चाळीसपर्यंत हयात

संग्रहालयाच्या गोगलगाय विभागात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे ताई. विभागप्रमुख तीच, टेबल पुसणारी तीच, आणि विभागाची बैठक भरली की ठराव एकमतानं मंजूर करणारीही तीच. सव्वीस वर्षं तिनं मेलेल्या गोगलगायी बाटल्यांतून ओळीनं लावल्या होत्या. जिवंत गोगलगायींशी तिचं विशेष जमायचं नाही. त्या नोंद पुरी होण्याआधीच टेबलाच्या पलीकडे जायच्या.

आज मात्र ती सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसली होती. गावाबाहेरच्या तळ्याला सरकारी संरक्षण होतं ते तिथल्या एका नखाएवढ्या, तांबूस गोगलगायीमुळे. जगात ती दुसरीकडे कुठंही नव्हती. सलग बारा महिने ती कुणाला दिसली नाही, तर तळं बुजवून वाहनतळ करायला तळ्यावरची सरकारी समिती मोकळी, असा नियम होता. बारावा महिना आज संध्याकाळी पाचला संपत होता. पारा एकोणीस दिवस सत्तेचाळीसच्या खाली यायचं नाव घेत नव्हता. तळ्यावरचा राखणदार म्हणजे ताईचा सख्खा मामा. तळं गेलं की त्याची नोकरीही जाणार, हे त्यानं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

सव्वाअकराला मामा आला. घामानं निथळत होता, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल. त्यानं डबा उघडला, ओलं फडकं बाजूला केलं.

"आहे," एवढंच म्हणाला.

गोगलगायीनं एक शिंग बाहेर काढून अंदाज घेतला आणि परत आत घेतलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मामाला पंख्याखाली बसवलं, त्याच्यासाठी चहा सांगितला आणि डबा घेऊन आत गेली.

अडचण एवढीच, की हुबेहूब अशीच दिसणारी एक सामान्य गोगलगाय गटारागटारात असते. दोघींत फरक फक्त जिभेवरच्या दातांचा. दात मोजायचे तर जीभ काढावी लागते, आणि जीभ काढायची तर आधी गोगलगाय स्पिरिटमध्ये बुडवावी लागते. दात मोजल्याशिवाय ओळख ग्राह्य नाही, हा नियम ताईनंच पंधरा वर्षांपूर्वी करून घेतला होता. कुणा हौशी गृहस्थानं गटारातलीचा फोटो पाठवून समितीला सहा महिने नाचवलं होतं, त्या रागावर.

अकरा चाळीसला तिनं गोगलगाय स्पिरिटमध्ये सोडली. मग तिनं तपासणीच्या फॉर्मचे एकतीस रकाने भरले. दातांच्या रांगा तंतोतंत जुळल्या. एकोणिसाव्या रकान्यात तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: अंडी, भरपूर.

ती हसत बाहेर आली तेव्हा मामा नळावर फडकं भिजवून परतत होता.

"झाली तपासणी? दे तिला. ऊन आणखी तापायच्या आत ओलीत ठेवतो."

"मामा, दात मोजायचे तर... ती उरत नाही रे."

मामानं फडक्याची घडी घातली, पुन्हा मोडली. डॉक्टर तपासतो तसं तपासशील असं वाटलं होतं, म्हणाला.

"पण बाकीच्या आहेत ना तिथं?"

"कुठल्या बाकीच्या? तळंच कुठाय अगं? नुसत्या भेगा. अकरा महिने शोधतोय, ही एक सापडली. खांद्यापर्यंत हात घालून काढली."

ताई भिंतीला टेकली. एकतीस रकान्यांत लांबी होती, रुंदी होती, शंखाचे वेढे होते. आणखी आहेत का, हा रकाना नव्हता. रकाना नव्हता म्हणून तिनं विचारलं नव्हतं.

"जड वाटत होती हाताला," मामा म्हणाला. "अंडी होती का?"

तिनं मान हलवली. होकार की नकार, हे तिलाही कळलं नाही.

तेवढ्यात संचालक आले. दातांचं त्यांना कळलं होतं, पुढचं नव्हतं. कळलं तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग हलक्या आवाजात समजावू लागले, की ताई, हयात असल्याचं प्रमाणपत्र वर्षभर चालतं, तळं वाचतं, मामांची नोकरी वाचते. सकाळी जिवंत आली होती की नाही? मग खोटं काय त्यात?

खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती. ताईनं मामाकडे पाहिलं.

"लिही तुला लिहायचं ते," मामा म्हणाला. "मी फक्त विचारतो, वर्षभर मी तिथं राखण कुणाची करू?"

ताईनं दुसरा फॉर्म काढला. नामशेष झाल्याच्या नोंदीचा. 'शेवटची जिवंत नोंद' या रकान्यात लोक अंदाजानं दशक लिहितात, फार तर साल. तिनं तारीख लिहिली आणि पुढे वेळ: अकरा चाळीस. एवढी अचूक नोंद विभागात आजवर झाली नव्हती. संचालक खिडकीबाहेर बघू लागले.

शेवटी 'कारण'. उष्णता, दुष्काळ, अतिक्रमण, इतर. पेन आपसूक उष्णतेवर गेलं. ते चूक नव्हतं. हजारोंनी होत्या त्या उन्हानंच मारल्या होत्या, आणि ते ऊन काही तिनं एकटीनं तापवलं नव्हतं. तिथं खूण केली असती तर कुणी ब्रही काढला नसता.

पेन तिथंच थांबलं. चहावाला मामाला विचारत होता, अजून एक देऊ का.

ताईनं 'इतर'वर खूण केली. पुढे तपशिलासाठी दोन बोटं जागा होती. तिथं तिनं आपली सही केली.