तोमिएबरोबर

तोमिए गेली त्या दिवशी दुपारी तिचा नवरा कुरामोची रुग्णालयात तिच्या रिकाम्या खाटेवर बसून तिच्या कपड्यांच्या घड्या घालत होता. तिच्या पिशवीतला फोन वाजला. त्याने उचलला.

"तोमिए, आज भाजायला आतडी झकास आली आहेत. तुझी खुर्ची धरून ठेवू ना?" कुणी बाई विचारत होती.

"ती सकाळी वारली," तो म्हणाला.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मग फोन बंद झाला.

तो गुरुवार होता. दर गुरुवारी चार वाजता तोमिए लोकनृत्याच्या वर्गाला जात असे. निदान तसं सांगून जात असे. सव्वीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी लोक भेटायला आले आणि रीतीप्रमाणे वहीत नाव-पत्ता लिहून गेले. मेव्हणी किनुए ती वही वाचत होती. एक नाव कुणाच्याच ओळखीचं निघालं नाही. हिसायो. पत्ता ओसाकातल्याच एका जुन्या इमारतीचा, खालचं तळघर. किनुएने त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. कुरामोचीने पत्ता पाठ करून ठेवला.

त्या इमारतीत वर बटणांचे घाऊक दुकानदार होते. जिना दोन मजले खाली उतरत होता. खाली पाण्याच्या पंपामागे एक दार होतं, पाटी नसलेलं. कुरामोचीने जन्मभर फरशा बसवल्या होत्या. भिंतीवरच्या फरशा कुणीतरी नीट बसवल्या आहेत, हे त्याला आधी दिसलं. मग लसणाचा आणि जळक्या चरबीचा वास आला. हा वास त्याला सहन होत नसे. त्याच्या घरात चाळीस वर्षांत लसूण सोलला गेला नव्हता.

हिसायोने दार अर्धंच उघडलं. साठीची, आखूड केसांची बाई. फोनवरचा आवाज हिचाच.

"कुणाबरोबर आलात?"

"मी तोमिएचा नवरा."

तिने वाकून नमस्कार केला, पण दार सोडलं नाही. या खानावळीत नवं माणूस जुन्या गिऱ्हाइकाबरोबरच आत येतं, पहिल्या दिवसापासून हाच नियम आहे, तिने सांगितलं. नवरा असणं ही इथली ओळख नव्हे.

"सव्वीस वर्षं होती तिच्याकडे, दादा. मनात असतं तर कधीही घेऊन आली असती."

दार लागलं. कुरामोची घरी गेला नाही. तो पायरीवर बसला. पुढच्या गुरुवारी पुन्हा येऊन बसला, त्याच्या पुढच्याही. गिऱ्हाइकं त्याला ओलांडून आत जात. पाट्या रंगवणारा एक म्हातारा दर वेळी काहीतरी बोलून जाई.

"आजपण पायरीच का? उशी तरी आणायची घरून."

"दगडावर बसायची सवय आहे मला."

एकदा तो म्हातारा बाहेर सिगारेट ओढायला थांबला. तोमिए तीन तीन प्लेटा आतडी खायची आणि टीव्हीवरच्या बेसबॉलवाल्यांना अशा शिव्या घालायची की वर बटणवाल्यांना ऐकू जायच्या, असं त्याने सांगितलं.

"माझी बायको मोठ्याने बोलत नसे," कुरामोची म्हणाला.

"मग ती दुसरीच कुणी असेल," म्हातारा म्हणाला आणि आत गेला.

त्या पायरीवर कुरामोचीला एक जुनी गोष्ट आठवली. लग्नाला महिना झाला होता. एका दुकानात एक बाई एकटीच पीत बसलेली दिसली, तेव्हा तो म्हणाला होता, असल्या बायकांना घर नसतं का? तोमिए काही बोलली नव्हती. त्यानंतर तो ते विसरून गेला होता.

किनुएला त्याच्या कोटातून लसणाचा वास येऊ लागला. मृत्यूनंतरचा एकोणपन्नासावा दिवस होईपर्यंत घरात मांस-मासे वर्ज्य होते आणि ती ते डोळ्यात तेल घालून पाळत होती.

"दाजी, शनिवारी दहा वाजता विधी आहे. अस्थी एकदा थडग्यात गेल्या की मग कुठं हवं तिथं बसा. तोवर तरी शहाण्यासारखं वागा."



गुरुवारी त्याने काळा सूट घातला. देव्हाऱ्यापुढची पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी उचलली. बसमध्ये ती मांडीवर धरून बसला. लोकांनी माना खाली घातल्या. त्याने घातली नाही.

"कुणाबरोबर आलात?" हिसायोने विचारलं.

"तोमिएबरोबर."

त्याने पेटी पुढे केली. हिसायोने एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. मग दार पूर्ण उघडलं. ती पेटीशीच बोलली.

"ये. उशीर केलास."

आत आठच खुर्च्या होत्या. कोपऱ्यापासून तिसरीवर तिने पेटी ठेवली आणि शेजारची त्याला दाखवली. आधी पेटीपुढे प्लेट आली, मग त्याच्यापुढे. सगळे बघत होते. कुरामोचीने एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

"कसं लागलं?" रंगाऱ्याने विचारलं.

"घाण वास येतो," तो म्हणाला आणि दुसरा तुकडा उचलला.

प्लेट संपल्यावर त्याने विचारलं, "तिनं मला का आणलं नाही?"

हिसायो विस्तवावरचे तुकडे उलटत होती.

"मीही विचारलं होतं. म्हणाली, तो आला तर मी हळू बोलेन."

कुरामोचीने पेटीची गाठ सरळ केली. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "आणखी एक प्लेट. दोघांनाही."

निघताना त्याने विचारलं, आता ओळख झाली, पुढच्या वेळी एकटा आलो तर चालेल ना.

"नाही," हिसायो म्हणाली. "ओळखीच्या माणसाबरोबर तीनदा यावं लागतं."

"तीनदा?" रंगाऱ्याने पेला खाली ठेवला. "मी तर एकदाच..."

हिसायोने त्याच्यापुढे गरम प्लेट आपटली. 

घरी किनुए शनिवारची यादी घेऊन बसली होती. कुरामोचीने पेटी जागेवर ठेवली आणि कोट पेटीच्या शेजारीच टांगला.

"शनिवारी नाही जमणार."

"का?"

"तिला अजून दोन गुरुवार जायचं आहे."

किनुए खूप बोलली. लोक काय म्हणतील तेही बोलली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, इथे जवळपास लसूण कुठे मिळेल.

त्यानंतरचे तीन गुरुवार होऊन गेले. थडग्याचा दगड अजून उघडलेला नाही, आणि देवळाला नवी तारीख कळवायची राहिली आहे.